पैसे कापले, पण कोर्स उघडला नाही: ॲपमधली खरेदी नीट कशी जोडायची

वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत चार-पाच जणांच्या टीमवर चालणारी ॲपची छोटी ऑफिसं भरपूर आहेत. त्यांच्याकडे येणारं कामही साधारण एकाच जातीचं असतं: कुणाचे क्लासेस, कुणाचं ध्यानधारणेचं ॲप, कुणाच्या लहान मुलांसाठीच्या गोष्टी. ॲप बनतं, रंगरंगोटी होते आणि शेवटच्या आठवड्यात क्लायंट म्हणतो, "आता फक्त पेमेंटचं बटण टाका." त्या "फक्त"मध्ये बरंच काम दडलेलं असतं. बटण दाबल्यावर पैसे कापण्याचं काम गूगल आणि ॲपल करतात, आणि चांगलं करतात. कुणाला काय उघडून द्यायचं, किती काळ द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, हे मात्र तुम्हालाच सांभाळावं लागतं. ग्राहकाचे संतापलेले फोन याच भागातून येतात.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. ठाण्यातला एक क्लास, त्याचं स्पर्धा परीक्षांच्या सरावाचं ॲप. त्यात तीन गोष्टी विकायच्या आहेत: ४९ रुपयांत दहा सराव चाचण्या, १४९ रुपयांत जाहिराती कायमच्या बंद, आणि १९९ रुपये महिना भरला की सगळे व्हिडिओ खुले.

१. स्टोअरमधूनच पैसे घ्यावे लागतात का?

क्लायंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "क्यूआर टाकून द्या ना, कमिशन कशाला घालवायचं?" उत्तर तुम्ही काय विकताय त्यावर आहे. छापील नोट्स कुरिअरने पाठवायच्या असतील, नौपाड्यातल्या वर्गाची फी घ्यायची असेल, डब्याची ऑर्डर असेल, तर स्टोअरचं बिलिंग वापरायचंच नसतं. तिथे यूपीआय किंवा पेमेंट गेटवे लावा. पण जे ॲपच्या आतच उघडतं, म्हणजे व्हिडिओ, चाचण्या, जाहिरातमुक्ती, त्यासाठी दोन्ही स्टोअर्सचा नियम त्यांचंच बिलिंग वापरा असा आहे.

मधली जागा फसवी आहे. ॲपलच्या नियमांनुसार एका शिक्षकाने एकाच विद्यार्थ्याला थेट शिकवायचं असेल तर पैसे बाहेरून घेता येतात. तेच सर चाळीस जणांची ऑनलाइन बॅच घेणार असतील तर ती स्टोअरच्या खरेदीत जाते. त्यामुळे "शंका-समाधान" आणि "लाइव्ह बॅच" ही दोन बटणं एकाच पडद्यावर असली तरी त्यांच्या मागचे पैशांचे रस्ते वेगळे ठेवावे लागतात. डिझाइन सुरू होण्याआधी हे क्लायंटशी बोलून कागदावर घ्या, नाहीतर स्टोअरच्या रिव्ह्यूत (तपासणीत) ॲप नाकारलं जाईपर्यंत हा विषय कुणी काढत नाही.

भारतात या नियमाची थोडी वेगळी कथा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड लावला. मार्च २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान गूगलने भारतात ग्राहकाला दुसरी पेमेंट पद्धत निवडू देण्याची सोय सुरू केली. त्या मार्गाने व्यवहार झाला तर गूगलचं शुल्क ४ टक्के बिंदूंनी कमी होतं. म्हणजे १५ चे ११. गेटवेचं शुल्क, त्यावरचा जीएसटी, प्रत्येक बाहेरचा व्यवहार गूगलला कळवण्याचं प्रोग्रामिंग आणि परताव्यांची कटकट जमेला धरली, तर छोट्या ॲपच्या हातात यातून फारसं काही पडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात स्टोअरच्या बिलिंगने करा. उलाढाल वाढली की पुन्हा हिशोब मांडा.

कमिशनही सरसकट ३० टक्के नाही. ॲपलने १ जानेवारी २०२१ पासून छोट्या डेव्हलपरसाठी, म्हणजे आदल्या वर्षी दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी, दर १५ टक्क्यांवर आणला. ही सवलत अर्ज केल्यावरच मिळते, आणि तो अर्ज अनेकांनी केलेलाच नसतो. गूगलने जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के दर लावला. हे दर बदलत राहतात, म्हणून प्रस्ताव पाठवायच्या दिवशी कन्सोलमधला (स्टोअरच्या डेव्हलपर-पानावरचा) चालू दर बघूनच आकडा लिहा. क्लायंटसाठी कागदावरचा अंदाज असा मांडता येतो: १९९ मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की १६८.६४ उरतात, त्यातून १५ टक्के गेले की साधारण १४३ रुपये. जीएसटी कुणी भरायचा आणि टीडीएस कुठे दिसणार, हे पहिला पेआउट यायच्या आधी सीएसोबत बसून लावून घ्या.

२. खाती आणि करार

इथे फार रेंगाळायला नको, फक्त दोन गोष्टी. डेव्हलपर खातं क्लायंटच्या नावावर काढा, तुमच्या नाही. गूगलला एकदाच २५ डॉलर आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर लागतात. दुसरं, ॲपलच्या बाजूला सशुल्क ॲप्सचा करार, बँक आणि कराची माहिती पूर्ण होऊन करार "चालू" दिसत नाही तोवर तुमच्या कोडला विक्रीच्या वस्तूंची यादी रिकामी मिळते. कुठलीही एरर नाही, नुसती रिकामी यादी. कोडमध्ये चूक शोधत बसण्याआधी तो करार उघडून बघा.

३. वस्तूंची मांडणी

दहा चाचण्यांचा संच वापरला की संपतो आणि पुन्हा घेता येतो: हा कन्झ्युमेबल. जाहिरातमुक्ती एकदाच, कायमची: नॉन-कन्झ्युमेबल. व्हिडिओ म्हणजे सबस्क्रिप्शन. ॲपलकडे हा प्रकार वस्तू तयार करतानाच ठरतो आणि मग बदलत नाही. गूगलकडे पहिले दोन्ही "वन-टाइम प्रॉडक्ट" असतात. ती वस्तू पुन्हा विकत घेता येणार की नाही हे तुमच्या कोडने "कन्झ्यूम" केलं (वापरून संपली असं गूगलला कळवलं) की नाही यावर ठरतं.

वस्तूचा आयडी विचार करून द्या. एकदा वापरलेला आयडी वस्तू डिलीट केली तरी पुन्हा वापरता येत नाही. आयडीत किंमत घालू नका. "चाचणी_४९" नावाची वस्तू दिवाळीनंतर ५९ ची झाली की रिपोर्ट वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. किंमत कोडमध्येही लिहायची नाही. स्टोअरकडून आलेला, चलनासकट तयार असलेला मजकूर जसाच्या तसा दाखवायचा. दुबईत नोकरी करणाऱ्या घणसोलीच्या मुलाला तिथली किंमत दिसली पाहिजे.

सबस्क्रिप्शनबाबत गूगलची रचना २०२२ पासून तीन मजल्यांची आहे: वर सबस्क्रिप्शन, त्याखाली बेस प्लॅन, त्याखाली ऑफर. मासिक, वार्षिक हे वेगवेगळे सबस्क्रिप्शन न करता एकाच सबस्क्रिप्शनचे दोन बेस प्लॅन करा. याच रचनेत "प्रीपेड" बेस प्लॅनही मिळतो: आपोआप नूतनीकरण नाही, मुदत संपली की ग्राहक स्वतः वाढवतो. परीक्षेच्या ॲपसाठी मला हा प्रकार सगळ्यात योग्य वाटतो. तलाठी भरतीची तयारी करणारा मुलगा तीन महिन्यांपुरताच ग्राहक असतो. परीक्षा झाल्यावर त्याच्या खात्यातून १९९ कापत राहिलात तर एक तारा आणि चार ओळींची शिवी मिळते. ॲपलकडे याच्या जवळचा प्रकार म्हणजे नॉन-रिन्यूइंग सबस्क्रिप्शन, पण तिथे मुदत मोजणं आणि दुसऱ्या फोनवर ती परत मिळवून देणं हे तुमच्या सर्व्हरचं काम.

४. अँड्रॉइड: बटणापासून कुलूप उघडेपर्यंत

प्ले बिलिंग लायब्ररीची, म्हणजे खरेदीसाठी गूगलने दिलेल्या तयार कोडची, आवृत्ती आधी तपासा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप किंवा अपडेटसाठी आवृत्ती ७ किंवा त्यापुढची सक्तीची झाली, आणि प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण दोन वर्षांत बाद होते. म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात हे काम धरलेलं असलं पाहिजे. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह (दोन्ही फोनसाठी एकाच कोडमध्ये ॲप बनवण्याची साधनं) यांचं प्लगइन वापरत असाल तर ते आतून कोणती आवृत्ती ओढतं ते बघा.

प्रवास असा: ॲप उघडताच बिलिंग क्लायंट (गूगलच्या बिलिंगशी बोलणारा कोड) जोडायचा. वस्तूंचे तपशील मागवायचे, किंमत दाखवायची. ग्राहकाने बटण दाबलं की "लाँच बिलिंग फ्लो" बोलवायचा आणि त्यात तुमच्या वापरकर्त्याचा सांकेतिक आयडी घालायचा. लायब्ररीत त्याला "ऑब्फस्केटेड अकाउंट आयडी" म्हणतात. मोबाइल नंबर किंवा ईमेल तसाच घालू नका, हॅश करून (मूळ मजकूर ओळखता येणार नाही अशा रूपात बदलून) घाला. यानंतर गूगलचा पडदा येतो, ग्राहक पैसे भरतो आणि लिसनरमध्ये (खरेदीची खबर घेणाऱ्या तुमच्या कोडमध्ये) खरेदी येते. तिच्यासोबत परचेस टोकन, म्हणजे त्या खरेदीची खूण, असतं. हे टोकन ॲपने तुमच्या सर्व्हरला द्यायचं, सर्व्हरने ते गूगलच्या डेव्हलपर एपीआयकडून (सर्व्हरने गूगलला विचारायच्या खिडकीतून) तपासायचं, ग्राहकाचा हक्क डेटाबेसमध्ये लिहायचा, मग खरेदी ॲक्नॉलेज (मिळाली अशी गूगलला पोच) किंवा कन्झ्यूम करायची, आणि शेवटी ॲपला "उघड" म्हणायचं.

यातल्या तीन क्रियांचा क्रम बदलू नका. आधी तपासणी, मग नोंद, मग ॲक्नॉलेज. ॲक्नॉलेज आधी केलं आणि नोंद लिहिताना डेटाबेस पडला, तर गूगलच्या लेखी व्यवहार पूर्ण आणि ग्राहकाच्या हातात काही नाही. उलट क्रमात फसलं तर पुन्हा प्रयत्न करायला वेळ असतो. हा वेळ तीन दिवसांचा. तीन दिवसांत ॲक्नॉलेज झालं नाही तर गूगल पैसे आपोआप परत करतं आणि खरेदी रद्द होते. "विक्री दिसते पण पैसे परत गेले" अशी क्लायंटची तक्रार आली की सगळ्यात आधी इथेच बघायचं. कन्झ्यूम केल्याने ॲक्नॉलेजही होतं, त्यामुळे चाचण्यांच्या संचासाठी दोन्ही करायची गरज नाही. सबस्क्रिप्शनची पहिली खरेदी ॲक्नॉलेज करावी लागते, दर महिन्याचं नूतनीकरण नाही.

आता नेटवर्क गेलं तर? कोकणात निघालेली गाडी ठाणं सोडते, प्रवासी यूपीआयचा पिन टाकतो आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. पैसे गेले, लिसनरपर्यंत काही आलं नाही, ॲप बंद. म्हणून लिसनरवर कधीच विसंबायचं नाही. ॲप दर वेळी पुढे आलं की "क्वेरी परचेसेस" चालवा. त्यात चालू सबस्क्रिप्शन आणि अजून कन्झ्यूम न झालेल्या सगळ्या खरेद्या येतात. ज्यांची नोंद नाही त्या सर्व्हरला पाठवा. "ही वस्तू आधीच तुमच्याकडे आहे" असा एरर कन्झ्युमेबलवर आला तर तोही याच प्रकाराचा: मागची खरेदी अर्धवट पडली आहे. ग्राहकाला एरर दाखवण्याऐवजी तीच खरेदी पूर्ण करा.

५. सर्व्हर: खरा हिशोब इथे

सर्व्हरशिवाय, फोनवरच सगळं तपासून चालवता येतं का? जाहिरातमुक्तीपुरतं चालेल. पैसे महिन्याला येणार असतील तर नाही, कारण फोन जे सांगतो त्यावर विश्वास ठेवणाऱ्या ॲपचे "सगळं अनलॉक" केलेले बनावट एपीके (अँड्रॉइड ॲपच्या फाइल) टेलिग्रामवर फिरायला वेळ लागत नाही.

खरेद्यांच्या टेबलात किमान हे रकाने ठेवा: वापरकर्ता, स्टोअर, वस्तू, टोकन किंवा ट्रान्झॅक्शन आयडी, ऑर्डर क्रमांक, स्थिती, मुदत, शेवटची तपासणी कधी, आणि व्यवहार चाचणीचा आहे की खरा. टोकनवर युनिक बंधन घाला, म्हणजे एक टोकन एकदाच नोंदलं जाईल. तेच टोकन ॲपकडून दोनदा, नोटिफिकेशनमधून तिसऱ्यांदा आणि "रिस्टोअर" दाबल्यावर चौथ्यांदा येणार आहे. दर वेळी उत्तर तेच आलं पाहिजे आणि चाचण्या दहाच जमा झाल्या पाहिजेत.

कन्झ्युमेबलसाठी "शिल्लक चाचण्या: ७" असा एकच आकडा साठवू नका. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारख्या ओळी लिहा: अमुक खरेदीमुळे अधिक दहा, अमुक चाचणी सोडवली म्हणून उणे एक, परतावा गेला म्हणून उणे दहा. शिल्लक म्हणजे या ओळींची बेरीज. ग्राहकाने फोन करून "माझ्या तीन चाचण्या गेल्या" म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. परताव्यामुळे बेरीज शून्याखाली गेली तर काय करायचं हे आधी ठरवा; मी ती उणे राहू देतो आणि पुढच्या खरेदीत वळती करतो.

आपल्याकडचा खास प्रश्न घरातल्या फोनचा आहे. फोन आईचा, प्ले स्टोअरचं खातं आईचं, ॲपमध्ये ओटीपी टाकून कधी मोठी मुलगी लॉगिन करते तर कधी धाकटा मुलगा. खरेदी मुलीच्या लॉगिनमध्ये झाली. मुलगा आला, ॲपने गूगलकडे विचारलं, गूगल म्हणालं "या फोनवर जाहिरातमुक्ती आहे", आणि कुणी साधा कोड लिहिलेला असेल तर ती मुलाच्या खात्यावर चढते, मुलीची निघून जाते. वर सांगितलेला सांकेतिक आयडी इथे उपयोगी पडतो: सर्व्हरने खरेदीतला आयडी आणि सध्याचा वापरकर्ता जुळतो का ते पाहायचं. जुळत नसेल तर मुकाट्याने हलवायचं नाही. "ही खरेदी ९८ ने सुरू होणाऱ्या आणि ४१ ने संपणाऱ्या नंबरवर आहे, त्या नंबरने लॉगिन करा" असा स्वच्छ मराठी संदेश दाखवा. तक्रारीचे निम्मे फोन तिथेच थांबतात.

गूगलच्या एपीआयसाठी सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी सर्व्हरने वापरायचं गूगल खातं) लागतं आणि त्याला प्ले कन्सोलमध्ये ऑर्डर आणि सबस्क्रिप्शनची परवानगी द्यावी लागते. परवानगी लागू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम लाँचच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका.

६. लटकलेलं यूपीआय

खरेदी लिसनरमध्ये आली म्हणजे पैसे आले असं नाही. तिची स्थिती "परचेस्ड" किंवा "पेंडिंग" असते. यूपीआयवर बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की पेंडिंग मिळतं, आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी असे व्यवहार जास्तच दिसतात. पेंडिंगवर काहीही उघडून द्यायचं नाही, ॲक्नॉलेजही करायचं नाही. पडद्यावर लिहा: "पेमेंटची पुष्टी बँकेकडून यायची आहे. ती आली की चाचण्या आपोआप जमा होतील. पुन्हा पैसे भरू नका." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर माणूस दुसऱ्या फोनवरून आणखी एकदा भरतो.

पेंडिंग पुढे परचेस्ड होतं किंवा रद्द होतं. तीन दिवसांची मुदत परचेस्ड झाल्यापासून मोजली जाते. ॲप बंद असताना हा बदल कळावा म्हणून गूगलची रिअल-टाइम नोटिफिकेशन्स जोडा. ती क्लाउड पब-सब या गूगलच्या संदेशसेवेवरून तुमच्या सर्व्हरवर येतात. त्यांच्यात फक्त बातमी असते, तपशील नसतो. टोकन घेऊन एपीआयला पुन्हा विचारायचं आणि आलेल्या उत्तरावरूनच नोंद बदलायची. एकच बातमी दोनदा येऊ शकते, क्रमही उलटा येऊ शकतो. म्हणून "बातमी काय म्हणते" यापेक्षा "आत्ता स्थिती काय आहे" यावर कोड बांधा.

७. आयफोन

आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, स्टोअरकिट २ (खरेदीसाठी ॲपलने दिलेला तयार कोड) आहे. नवीन ॲप त्यावरच करा. जुन्या पावत्या तपासणारी "व्हेरिफाय रिसीट" सेवा ॲपलने बाद ठरवली आहे. इंटरनेटवरचे निम्मे धडे अजून तीच शिकवतात, तिकडे जाऊ नका.

खरेदी करताना "ॲप अकाउंट टोकन" द्या. ते यूयूआयडीच (ठरावीक साच्यातला, कुणाशीही न जुळणारा आयडी) असावं लागतं, म्हणून प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक यूयूआयडी नोंदणीच्या वेळीच बनवून ठेवा. उत्तर तीनपैकी एक: यशस्वी, ग्राहकाने रद्द केलं, किंवा पेंडिंग. आयफोनवर पेंडिंग बऱ्याचदा पालकांच्या परवानगीसाठी अडलेलं असतं. यशस्वी व्यवहारावर ॲपलची सही असते. ती सर्व्हरवर तपासा, नोंद करा आणि मगच "फिनिश" बोलवा. फिनिश न केलेला व्यवहार ॲप उघडताना पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि हीच तुमची सुरक्षा आहे. त्यासाठी "ट्रान्झॅक्शन अपडेट्स" ऐकणारा भाग ॲप सुरू होताच चालू झाला पाहिजे, खरेदीच्या पडद्यावर पोचल्यावर नाही.

"खरेदी परत मिळवा" असं बटण ॲपल मागतं. ते नसेल तर ॲप परत येतं. सबस्क्रिप्शनसाठी ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी हा धागा धरा; दर महिन्याचा व्यवहार नवा असतो, हा आयडी तोच राहतो. ॲपलची सर्व्हर नोटिफिकेशन्स, आवृत्ती २, जोडा. तुमचा सर्व्हर पडलेला असेल तर ॲपल तीच बातमी १, १२, २४, ४८ आणि ७२ तासांच्या अंतराने पुन्हा पाठवून बघतं. आणि हो, ॲपची पहिली विक्रीची वस्तू ॲपच्या नव्या आवृत्तीसोबतच रिव्ह्यूला पाठवावी लागते, हे विसरून नुसतं ॲप पाठवणारे बरेच आहेत.

दोन्ही स्टोअरचं हे सगळं एका छताखाली आणणाऱ्या रेव्हेन्यूकॅटसारख्या सेवा आहेत. दोन माणसांची टीम असेल तर खुशाल वापरा. पण कुणाला काय दिलं याची नोंद तरीही स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा.

८. सबस्क्रिप्शन भारतात वेगळं वागतं

परदेशी लेख वाचून सबस्क्रिप्शन केलं की गणित चुकतं, कारण आपल्याकडे आवर्ती पेमेंटवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वजावटीसाठी ग्राहकाने आधी ई-मॅन्डेट (पुढच्या वजावटींची परवानगी) द्यावा लागतो आणि प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. ओटीपीशिवाय वजावटीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. २०२२ मध्येच ॲपलने भारतात कार्ड स्वीकारणं थांबवलं आणि यूपीआय, नेट बँकिंग व ॲपल खात्यातली शिल्लक यांच्यावर भर दिला. यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरची आपोआप वजावट, जुलै २०२० मध्ये आलं आणि गूगल प्लेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. ग्राहकाला दर महिन्याला आधी मेसेज येतो, तो बघून तो ठरवतो. तुमच्या ॲपमध्ये न येता यूपीआय ॲपमधूनच मॅन्डेट रद्द करतो. किंवा महिनाअखेर खात्यात पैसेच नसतात. नूतनीकरण फसणं ही रोजची घटना धरा. दोन्ही स्टोअर्समध्ये ग्रेस पिरियड आहे: पैसे आले नाहीत तरी काही दिवस हक्क चालू ठेवायचा आणि स्टोअर मागून प्रयत्न करत राहतं. ॲपलकडे तो ३, १६ किंवा २८ दिवसांचा ठेवता येतो. तो चालू करा. मग ॲपमध्ये एक पट्टी: "या महिन्याचं पेमेंट झालेलं नाही, पद्धत तपासा." ग्रेस संपल्यावर गूगलकडे अकाउंट होल्ड लागतो (पैसे येईपर्यंत सबस्क्रिप्शन थांबतं), तेव्हा व्हिडिओ बंद करायचे, पण प्रगती आणि सोडवलेल्या चाचण्या पुसायच्या नाहीत.

"रद्द केलं" आणि "संपलं" या दोन स्थिती डेटाबेसमध्ये वेगळ्या ठेवा. ५ तारखेला रद्द करणाऱ्याने २८ तारखेपर्यंतचे पैसे भरलेले असतात, त्याचं तेव्हापर्यंत चालू राहिलं पाहिजे. मासिकवरून वार्षिकवर गेलेल्या माणसाचं गूगल नवं टोकन देतं आणि त्यात जुन्या टोकनचा दुवा असतो. तो वाचून जुनं बंद केलं नाही तर एकाच खरेदीवर दोन हक्क चालू राहतात.

परताव्यांसाठी गूगलचा व्हॉइडेड परचेसेस (रद्द झालेल्या खरेद्यांची यादी देणारा) एपीआय रोज एकदा चालवा. सांगितलं नाही तर तो गेल्या ३० दिवसांचे व्यवहार देतो. ॲपलकडे परतावा फक्त ॲपल ठरवतं, तुम्हाला देताच येत नाही. "आम्ही उद्या पैसे परत करतो" असं आयफोनवाल्या ग्राहकाला लिहिणाऱ्या सपोर्टच्या मुलीला हे आधी सांगून ठेवा.

९. किंमत दाखवण्याचा पडदा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि "सबस्क्रिप्शनचा सापळा" त्यांतला एक. मोफत वापराचा काळ संपल्यावर किती आणि कधी कापणार हे बटणाच्या शेजारी, बटणाइतक्याच अक्षरात लिहा. "वर्षाला २,३८८" ही रक्कम बारीक करून "महिना फक्त १९९" मोठं करायचा मोह क्लायंटला होतोच. रद्द करण्याची जागा सेटिंग्जमध्ये पहिल्याच पडद्यावर असू द्या. दोन्ही स्टोअर्स थेट आपल्या सबस्क्रिप्शनच्या पानावर नेण्याची सोय देतात.

१०. चाचणी

प्ले कन्सोलमध्ये टीमचे जीमेल लायसन्स टेस्टर म्हणून घाला. त्यांना नेहमी पास होणारं कार्ड, नेहमी नापास होणारं कार्ड आणि काही मिनिटांनी पास होणारं सावकाश कार्ड मिळतं. तिसरं सगळ्यात जास्त वापरा, पेंडिंगचा सगळा कोड त्यावरच कळतो. टेस्टरसाठी ॲक्नॉलेजची मुदत तीन दिवसांऐवजी तीन मिनिटं असते, म्हणजे विसरलेलं ॲक्नॉलेज चहा येईपर्यंत उघडं पडतं. महिन्याचं सबस्क्रिप्शन टेस्टमध्ये ५ मिनिटांचं होतं आणि ६ वेळा नूतनीकरण होऊन थांबतं. ॲपलच्या सँडबॉक्समध्येही (खरे पैसे न कापता खरेदी करून बघायच्या जागेत) महिना ५ मिनिटांचा, वर्ष एका तासाचं, नूतनीकरणं १२ पर्यंत. एक्सकोडमध्ये (ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनात) स्टोअरकिट कॉन्फिगरेशन फाइल बनवली तर खात्याशिवायही बरीच चाचणी होते.

पण हे झालं टेबलावरचं. पुढचे प्रकार हाताने करून बघा: पैसे भरताना फोन एअरप्लेन मोडवर टाकणं, पैसे भरल्याबरोबर ॲप मारून टाकणं, सर्व्हर बंद ठेवून खरेदी, ॲप काढून पुन्हा टाकणं, एकाच प्ले खात्यावर दोन लॉगिन, खरेदीनंतर कन्सोलमधून परतावा. प्रत्येकात एकच गोष्ट बघायची, की दहा मिनिटांनी ॲप उघडलं तेव्हा ग्राहकाला नेमकं तेच मिळालं का, जास्त नाही, कमी नाही.

११. सुरू झाल्यावर

ॲपच्या "मदत" पानावर ग्राहकाला त्याच्या खरेद्यांची यादी दाखवा: वस्तू, तारीख, ऑर्डर क्रमांक, स्थिती. खाली "पुन्हा तपासा" असं बटण, जे स्टोअरला आणि सर्व्हरला नव्याने विचारतं. बऱ्याच तक्रारी या बटणावर मिटतात. सपोर्टच्या माणसाला यूपीआयचा स्क्रीनशॉट मागायची सवय असते; त्यापेक्षा गूगलच्या ईमेलमधला, जीपीए अशा अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक मागायला शिकवा. स्क्रीनशॉटवरून तुमच्या डेटाबेसमध्ये काहीच शोधता येत नाही.

पहिले दोन-तीन महिने दर सोमवारी स्टोअरचा विक्री अहवाल उतरवून आपल्या खरेद्यांच्या टेबलाशी ऑर्डर क्रमांकावरून जुळवा. स्टोअरमध्ये आहे पण आपल्याकडे नाही, अशा ओळी म्हणजे पैसे भरून काहीच न मिळालेले ग्राहक. त्यांनी फोन करण्याआधी त्यांचं उघडून द्या. आपल्याकडे आहे पण स्टोअरमध्ये नाही, अशा ओळींत आधी चाचणीचे व्यवहार वेगळे काढा. उरलेल्यांत बहुतेक परतावे असतात, आणि कधीकधी कुणीतरी बनावट टोकन पाठवून बघितलेलं असतं. त्या खात्याची बाकीची नोंदही त्याच वेळी तपासून घ्या.